न लिहिलेला अर्ज, न पाठवलेले पत्र

२३ मार्च १९४३ रोजी नगरच्या किल्ल्यात एक तार आली. ती लष्करी सांकेतिक लिपीत होती. कैद्यांवर नेमलेल्या सुपरिटेंडंटला ती वाचता येईना, म्हणून तो ती घेऊन लष्कराच्या मुख्य कचेरीत गेला. तिचा उलगडा करणारे तिथे नेमके कोणी नव्हते. सगळा दिवस त्या खटपटीत गेला आणि रात्री मजकूर हाती आला: मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या पत्नी कलकत्त्यात अत्यवस्थ आहेत.

तार मुंबई सरकारची होती. कलकत्त्याहून सरकारला ही बातमी कधी मिळाली आणि ती कैद्याला कळवायची की नाही हे ठरायला किती दिवस गेले, हे आझादांना कोणी सांगितले नाही. पुढे सतरा दिवसांनी, ९ एप्रिलला दुपारी दोन वाजता, सुपरिटेंडंटने दुसरी तार हातात ठेवली. झुलेखा बेगम गेल्या होत्या.

या दोन तारांमधले सतरा दिवस हाच या प्रकरणाचा विषय. प्रश्न थोडक्यात असा: पत्नी मरणपंथाला लागली आहे, तुम्ही काही मागणार असाल तर लगेच वर पाठवतो असे सुचवले जाते आहे, अशा वेळी काँग्रेसच्या अध्यक्षाने सरकारकडे अर्ज करावा का? आझादांनी केला नाही. एवढे पुष्कळांना माहीत असते आणि गोष्ट बहुधा 'केवढा हा त्याग' म्हणून तिथेच थांबते. मला ती तिथे थांबवावीशी वाटत नाही, कारण खुद्द आझादांनीच ती तिथे थांबवलेली नाही. पत्नी गेल्यानंतर दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, त्यांनी एक पत्र लिहिले. राजकारणी आझादांनी जे केले त्याची उलटतपासणी त्या पत्रात लेखक आझादांनी घेतली आहे, आणि ती घेताना स्वतःला सूट दिलेली नाही.

किल्ला आणि तिथली टपाल

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. आझाद भुलाभाई देसाईंच्या घरी उतरले होते. पहाटे पोलीस दारात आले. व्हिक्टोरिया टर्मिनसवर खास गाडी उभी होती. गांधीजींना आणि त्यांच्या बरोबरच्यांना चिंचवडला उतरवून पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये नेले. काँग्रेस कार्यकारिणीला घेऊन गाडी पुढे नगरला गेली. किल्ल्यात एकूण बारा जण होते: आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव.

नगरचा किल्ला मराठी वाचकाला नवा नाही. निजामशाहीचा हा किल्ला १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवला आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने शिंद्यांकडून घेतला. आत पाऊल टाकताच आझादांना हा सगळा इतिहास आठवला आणि त्यांनी तो पहिल्याच पत्रांत लिहूनही ठेवला. चांदबिबीच्या काळात किल्ल्यावर चीता खान नावाचा हबशी सरदार होता. तेच नाव या मंडळींनी आपल्या सुपरिटेंडंटला देऊन टाकले. अशा बंद जागेत हसायला काहीतरी लागतेच.

या कैदेला खटला नव्हता, शिक्षा नव्हती आणि म्हणून मुदतही नव्हती. सुरुवातीला वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. कैदी कुठे आहेत हे गुपित ठेवायचे असे सरकारने ठरवले होते आणि त्या गुपितापायी टपालाची अजब व्यवस्था झाली होती. गावातल्या तार कचेरीतून तार गेली किंवा आली तर ठिकाण फुटेल. म्हणून कैद्याने तारेचा मजकूर कागदावर लिहून सुपरिटेंडंटला द्यायचा, त्याने तो टपालाने मुंबईला धाडायचा, तिथे तो तपासला जायचा आणि मग तारेने पुढे जायचा. काही कैद्यांचा पत्रव्यवहार मुंबईत तपासून भागत असे. काहींचा दिल्लीपर्यंत जाऊन मंजूर व्हावा लागे. आझाद या दुसऱ्या वर्गात होते. त्यामुळे त्यांची तार कलकत्त्याला पोचायला किंवा कलकत्त्याची त्यांच्यापर्यंत यायला आठवड्याच्या आत काही होत नसे.

हा तपशील मी मुद्दाम दिला. निर्णयाची चर्चा करताना आपण समजतो की माणसासमोर सगळी माहिती आहे आणि त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचे आहे. इथे तसे नव्हते. आझादांच्या हातात येणारी प्रत्येक खबर शिळी होती. आपण उत्तर लिहू ते पोचेल तेव्हा ती जिवंत असेल की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

माणूस

आझादांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठा शिष्यपरिवार असलेले धर्मपंडित, आई अरब. वाढले कलकत्त्यात, शिकले घरीच, शाळा-कॉलेज नाहीच. १९१२ च्या जुलैत त्यांनी 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले आणि तेवीस-चोवीस वर्षांच्या या तरुणाने उर्दू गद्याचा आवाजच बदलून टाकला. मुसलमानांनी इंग्रजांच्या आश्रयाला न जाता देशाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरावे, हे ते कुराणाच्या भाषेत सांगत. सरकारने आधी जामीन मागितला, मग तो जप्त केला आणि १९१४ मध्ये 'अल-हिलाल' बंद पडले. १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारी, मग १९१९ संपेपर्यंत रांचीत स्थानबद्धता. १९२३ मध्ये, पस्तिशीत, ते काँग्रेसच्या दिल्लीच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १९४० मध्ये रामगडला पुन्हा. मध्यंतरी कुराणाच्या भाषांतर-भाष्याचे दोन खंड आले.

किल्ल्यात आल्यावर दोनच दिवसांनी त्यांनी आपल्या कैदेचा हिशेब मांडला. ही सहावी खेप. आधीच्या पाच खेपांची बेरीज सात वर्षे आठ महिने. वय त्रेपन्न. म्हणजे आयुष्यातल्या दर सात दिवसांतला एक दिवस तुरुंगात गेला. तौरात या ज्यूंच्या धर्मग्रंथाने सातवा दिवस विश्रांतीचा सांगितला आहे, तो आपल्याला असा लाभला, असे ते म्हणतात. हा त्यांचा ढंग आहे. दुःखाची गोष्ट सांगताना मध्येच एखादा असा दाखला ठेवायचा की वाचणाऱ्याने त्यांच्याकडे पाहायच्या ऐवजी दाखल्याकडे पाहावे.

किल्ल्यातली ही पत्रे त्यांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी या जुन्या विद्वान मित्राला उद्देशून लिहिली. शेरवानींचा काँग्रेसच्या राजकारणाशी संबंध नव्हता, आणि पत्रांतही राजकारण नाही. पत्रे पाठवता येणार नव्हती हे लिहिणाऱ्याला माहीत होते. लिहायची आणि ठेवून द्यायची. पहाटे तीन-चारला उठायचे, चिनी चहा स्वतः करायचा, त्यात दूध घालणाऱ्यांची कीव करायची आणि लिहीत बसायचे. १९४६ मध्ये ही पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. खातिर म्हणजे मन, गुबार म्हणजे धुरळा. उर्दू गद्याची गोष्ट निघाली की आजही हे पुस्तक पहिल्या दोन-चारांत घेतले जाते.

तार येण्याच्या काही दिवस आधी, त्याच मार्च महिन्यात, आझाद खोलीतल्या चिमण्यांची गोष्ट लिहीत होते. चिमण्यांनी छतात घरटी केली, कचरा पाडला, आधी त्यांच्याशी लढाई झाली, मग तह झाला, मग माणसाळलेल्या प्रत्येक चिमणीला नाव मिळाले. एक मुल्ला, एक कलंदर, एक मोती. वाचताना वाटते, या माणसाला दुसरी काही काळजीच नसावी. ती पत्रे आणि ११ एप्रिलचे पत्र एकाच पुस्तकात आहेत.

सतरा दिवस

तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही बातमी होती. डॉक्टरांनी सरकारला प्रकृतीची कल्पना दिली आहे आणि उत्तराची वाट पाहत आहेत, असे तिच्यात होते. पुढे रोज डॉक्टरांचे निवेदन छापून येऊ लागले. सुपरिटेंडंट रेडिओवर ते ऐके आणि आझादांच्या सोबत्यांपैकी कोणाला तरी सांगे.

त्याच दिवशी सुपरिटेंडंट आझादांकडे आला. तुम्हाला या बाबतीत सरकारला काही कळवायचे असेल तर मी ते ताबडतोब मुंबईला पाठवतो, इथले नेहमीचे नियम आड येणार नाहीत, असे त्याने सांगितले. तो मनापासून हेलावला होता, हे आझादांनी नोंदवले आहे. उत्तर मात्र सरळ होते: मला सरकारकडे कसलीही विनंती करायची नाही. तो मग जवाहरलालांकडे गेला. दुपारी नेहरू आले आणि बराच वेळ बोलत बसले. आझादांनी त्यांनाही तेच सांगितले. सुपरिटेंडंट हे स्वतःच्या मनाने बोलत नव्हता, मुंबई सरकारच्या सांगण्यावरून बोलत होता, हे नंतर कळले.

या शेवटच्या वाक्यावर सगळे प्रकरण फिरते. सरकारला आजार माहीत होता. डॉक्टरांचा निरोप सरकारकडेच आला होता. माणुसकी म्हणून भेटीची परवानगी द्यायची असती तर ती आपणहून देता आली असती, त्यासाठी कैद्याच्या सहीची गरज नव्हती. सरकारला हवा होता तो अर्ज.

नेहरू काय बोलले ते आझाद सांगत नाहीत. पण नेहरू या विषयावर बोलायला आले होते ते रिकाम्या हाताने नाही. १९३४ च्या ऑगस्टमध्ये कमलाबाईंच्या आजारपणासाठी त्यांना तुरुंगातून अकरा दिवस सोडले होते आणि पुन्हा आत नेले होते. शिक्षेची उरलेली मुदत राजकारणापासून दूर राहण्याची हमी दिलीत तर बाहेर राहता येईल, असे नंतर त्यांना सुचवण्यात आले होते. आणि तापाने फणफणलेल्या कमलाबाईंनीच त्यांच्या कानाशी सांगितले होते की ती हमी देऊ नका. त्या दोन वर्षांत या माणसाने जे सोसले ते त्याच्याखेरीज त्या खोलीत कोणाला ठाऊक होते? त्या दुपारी नेहरू आझादांना 'कर अर्ज' म्हणाले असतील तर ते उमजून म्हणाले असतील.

नंतरचे पंधरवडाभर आझादांनी एकच धोरण ठेवले: दिनक्रमात काही बदलायचे नाही. ते वेळेचे इतके पक्के होते की चहाला आणि जेवणाला त्यांचे खोलीबाहेर येणे इतरांना घड्याळासारखे झाले होते. ते त्याच मिनिटाला बाहेर येत राहिले. दोन घास कसेबसे गिळत. रात्री जेवणानंतर अंगणात सगळे जरा वेळ बसत, तिथेही बसत राहिले.

अर्ज म्हणजे काय?

आझादांच्या नकाराला हट्ट म्हणणाऱ्यांनी त्या महिन्यांतला सरकारचा सूर ध्यानात घ्यावा. फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचा उपवास केला. ते जातील अशी भीती देशाला वाटत होती, तरी व्हाइसरॉय लिनलिथगो हलले नाहीत. काँग्रेसने ऑगस्टचा ठराव मागे घ्यावा, झाल्या प्रकाराची जबाबदारी पत्करावी, मग बोलू, अशी भूमिका होती. अशा सरकारकडे काँग्रेसच्या अध्यक्षाचा अर्ज गेला असता तर तो खाजगी कागद राहिला नसता.

दीड वर्षाने हे सिद्धही झाले. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये सय्यद महमूद एकाएकी सुटले. सोबत्यांना आश्चर्य वाटले. मग उघड झाले की त्यांनी कोणाला न सांगता व्हाइसरॉयला पत्र लिहिले होते. ते पत्र बाहेर आले आणि काँग्रेसची मान खाली गेली. एका सभासदाच्या पत्राची ही गत, तर अध्यक्षाच्या अर्जाची काय झाली असती?

आणखी एक गोष्ट आहे. ती आझादांनी लिहिलेली नाही, हे माझे अनुमान आहे. १९४० च्या जुलैत जिनांनी आझादांना तार करून, तुम्ही काँग्रेसने दाखवायला पुढे केलेले अध्यक्ष आहात, अशा अर्थाची बोचरी भाषा वापरली होती. बाहेर पाकिस्तानची मागणी रोज जोर धरत होती. काँग्रेसच्या मुसलमान अध्यक्षाने जरा सवलत मागितली असती तर दोन्ही बाजूंनी बोट दाखवले गेले असते: इंग्रज म्हणाले असते, वाकला, मुस्लिम लीग म्हणाली असती, पाहा, असा होता तुमचा मौलाना. नेहरूंनी अर्ज केला असता तर तो एका नवऱ्याचा अर्ज ठरला असता. आझादांचा अर्ज एका समाजाच्या माथी मारला गेला असता. ही गोष्ट त्यांच्या मनात नव्हती असे मानणे मला जमत नाही.

तेव्हा राजकारण म्हणून पाहिले तर निर्णय बरोबर होता. याबद्दल मला शंका नाही. महाराष्ट्राला अशी एक गोष्ट जवळची आहे. टिळक मंडालेत असताना १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या आणि त्यांना ते तारेने कळले. पण टिळकांपुढे दार बंदच होते. आझादांपुढे ते किंचित किलकिले करून धरले होते, आणि ते ढकलायचे नाही हे त्यांना सतरा दिवस, रोज नव्याने, ठरवावे लागत होते. बंद दारापेक्षा हे कठीण.

झुलेखा बेगम

या प्रकरणात ज्यांच्याबद्दल सगळे चालले आहे त्यांचे म्हणणे काय होते? या अंगाने फार थोडे लोक पाहतात.

त्यांचा एक स्वतंत्र कागद आपल्याकडे आहे. ९ फेब्रुवारी १९२२ रोजी कलकत्त्याच्या न्यायालयात आझादांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या वेळी झुलेखा बेगमनी गांधीजींना कळवले की आम्ही ज्याची तयारी ठेवली होती त्या मानाने ही शिक्षा फारच कमी आहे. आणि बंगाल खिलाफत समितीची जी कामे पती करीत होते ती आता मी करीन. गांधीजींनी हा मजकूर 'यंग इंडिया'त छापला. शिक्षा कमी झाली याचे आश्चर्य करणारी ही बाई बिचारी नव्हती.

पण ती अशी झाली कशी, हेही आझादांनी सांगून टाकले आहे, आणि मला त्यांच्या पत्रातली ही सर्वांत धीट जागा वाटते. १९१६ मध्ये त्यांना पहिल्यांदा अटक झाली तेव्हा झुलेखा बेगमना रडू आवरले नव्हते. आझादांना ते आवडले नाही आणि त्यांनी तो राग पुष्कळ दिवस धरला. त्या प्रसंगाने तिचे वागणे कायमचे बदलले, असे ते लिहितात. त्यानंतर तिने नुसती साथ दिली नाही, तर धीराने सगळे सोसले, विचारांतही ती वाटेकरी झाली आणि कामातही.

इथे मला थांबावे लागते. नवऱ्याला घरातून नेले, म्हणून बायको रडली. आणि नवऱ्याने त्याचा राग धरला. हे वाचून मला आझादांचा राग आला आणि अजूनही येतो. पण हे मला कळले कुठून? त्यांच्याच लेखणीतून. दुसऱ्या कोणाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती गेल्यानंतर दोन दिवसांनी बसून त्यांनी हे लिहिले, आणि नंतर पुस्तक छापताना ते काढले नाही.

मग ३ ऑगस्ट १९४२ चा प्रसंग येतो. झुलेखा बेगम बरेच दिवस आजारी होत्या, हवापालटासाठी रांचीला जाऊन आल्या होत्या. आझाद मुंबईच्या बैठकीसाठी कलकत्त्याहून निघाले. त्या दारापर्यंत पोचवायला आल्या. नवीन काही उद्भवले नाही तर तेरा तारखेपर्यंत परत येतो, असे ते म्हणाले. झुलेखा बेगमनी 'खुदा हाफिज' याखेरीज एक शब्द काढला नाही. डोळे कोरडे होते, आझाद लिहितात, पण चेहरा रडत होता. गेल्या पंचवीस वर्षांत प्रवासाला आणि तुरुंगात जाताना त्यांनी किती वेळा निरोप घेतला, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. तेव्हा वाटले, आजारपणाने मन हळवे झाले असेल. आता वाटते, ही शेवटची भेट हे तिने ओळखले होते. मी प्रवासाला निघालो म्हणून तिने खुदा हाफिज म्हटले नाही. निघायचे तिला होते.

कोरडे डोळे कोणी शिकवले होते? १९१६ च्या रागाने. आझादांनी हे दोन प्रसंग पत्रात एकमेकांना लागून ठेवले आहेत. त्यांच्यासारखा गद्यकार असे योगायोगाने करत नसतो.

पाठ दाराकडे

त्याच पत्रात वर्तमानपत्राचा एक प्रसंग आहे. रोज दुपारी सुपरिटेंडंट वर्तमानपत्र घेऊन येई. आझादांचा कोच असा ठेवलेला होता की बसणाऱ्याची पाठ दाराकडे होई. आत येऊन समोर उभे राहीपर्यंत येणाऱ्याला चेहरा दिसत नसे. बुटांचा आवाज ऐकू आला की छातीत धडधडू लागे, न जाणो आज त्या कागदात काय असेल. मग ते सावरून बसत. तो समोर आला की हसून खूण करत, टेबलावर ठेवा, आणि आपले लिहिणे चालू ठेवत, जणू वाचायची काही घाई नाही.

आणि मग ते कबूल करतात: हे सगळे सोंग होते. मनातला दिखाऊ गर्व हा खेळ खेळत होता, आपल्या धीराला कुठे डाग लागलेला कोणाला दिसू नये म्हणून. मनाची शांती ढळली आहे आणि ती ताब्यात ठेवायला झगडावे लागणार, हे त्यांच्या लक्षात आले होते. हा झगडा मेंदूला थकवत नाही, शरीराला थकवतो, ते आतल्या आत झिजू लागते, असे ते सांगतात.

त्या काळच्या पुढाऱ्यांच्या तुरुंगातल्या लेखनात निर्धार भरपूर आहे, आणि तो खोटा नाही. पण निर्धाराच्या मागे अभिनय किती होता हे इतक्या नेमकेपणाने, कोचाच्या दिशेसकट, कोणी लिहिलेले मी वाचलेले नाही. १९१६ मध्ये ज्याला बायकोचे अश्रू खपले नाहीत तोच माणूस १९४३ मध्ये स्वतःचा चेहरा लपवत दाराकडे पाठ करून बसला आहे. त्यांनी तिला घातलेला दंडक अखेर त्यांच्यावरच आला, आणि तो पाळणे किती अवघड आहे हे त्यांना तेव्हा कळले. हे मत माझे आहे. पण ते बनवायला लागणारी प्रत्येक वीट आझादांनी पुरवली आहे.

निर्णयाबद्दल त्यांना पश्चात्ताप झाला का? पत्रात तसा शब्द नाही. आपण बरोबर केले असाही शब्द नाही. छत्तीस वर्षांचा संसार संपला आणि आमच्यामध्ये मरणाची भिंत उभी राहिली, एवढेच ते म्हणतात. आताही एकमेकांना पाहता येते, पण त्या भिंतीच्या आडून. ज्या माणसाने आयुष्यभर वादविवाद केले, न्यायालयात स्वतःच्या बचावाऐवजी सरकारवरच आरोपपत्र वाचले, तो या एका निर्णयाचे समर्थन करायला उभा राहत नाही.

पत्राच्या शेवटी किल्ल्यातली एक जुनी कबर येते. अंगणातच होती, कोणाची ते त्यांना ठाऊक नव्हते. आल्यापासून शेकडो वेळा नजरेखालून गेली होती. आता तिच्याकडे पाहताना वाटू लागले की तिच्याशी आपले काही नाते जडले आहे. आदल्या संध्याकाळी ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मुतम्मिम बिन नुवैरा या जुन्या अरबी कवीने मालिक या भावावर लिहिलेला शोक त्यांना आठवला. लोक त्या कवीला बोल लावतात की दिसेल त्या कबरीपाशी तू रडत बसतोस. तो म्हणतो, एक दुःख दुसऱ्याला जागे करते, मला सोडा, माझ्यासाठी या सगळ्या मालिकच्याच कबरी आहेत. आझाद स्वतः रडलो असे कुठेही लिहीत नाहीत. ते काम त्यांनी तेराशे वर्षांपूर्वीच्या एका कवीवर सोपवले.

सुटका

त्यानंतर काही महिन्यांतच त्यांची बहीण आबरू बेगम भोपाळला गेली. तेही किल्ल्यातच कळले. संगीतावरचे, तरुणपणी शिकलेल्या सतारीवरचे लांबलचक पत्र सप्टेंबर १९४३ चे. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना नगरहून बंगालमधल्या बांकुऱ्याला हलवले. वजन पार उतरले होते. जूनच्या मध्यावर कार्यकारिणीची सुटका झाली आणि आझाद रेल्वेने हावड्याला आले.

स्टेशनात आणि बाहेर माणसांचा समुद्र होता. मोटारीत बसले तर पुढे बँड वाजत होता. तो कशाला, असे त्यांनी विचारले. तुमच्या सुटकेचा आनंद म्हणून, असे उत्तर मिळाले. मी सुटलो आहे, पण हजारो सोबती अजून आत आहेत, असे सांगून त्यांनी तो बंद करायला लावला. गाडी हावड्याचा पूल ओलांडू लागली तेव्हा त्यांना तीन वर्षांपूर्वीचा निघतानाचा दिवस आठवला. घराच्या दारापर्यंत आलेली ती. आपण परत आलो आहोत आणि घर रिकामे आहे.

त्यांनी बरोबरच्यांना गाडी वळवायला सांगितले. घरी जाण्याआधी कबरीवर जायचे होते. गाडीत लोकांनी घातलेल्या हारांचा ढीग पडला होता. त्यातला एक उचलून त्यांनी कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटला.